रेसिंगचा फिल्टर आणि उरणच्या वाटेवरची खिंड

उरणला जाऊन आले म्हटलं की वाशीतल्या आमच्या सोसायटीतल्या बायका एकच विचारतात, "तिकडे कशाला गं?" मुंबईकडे जाणारा पूल सगळ्यांना पाठ आहे, पण बेलापूरच्या पुढे काय लागतं हे फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. आता ठाऊक झालंय, स्वतः बघून आलेय. म्हणून लिहायला बसलेय.

मी मूळची वाईची. लग्नाआधी तिथे शाळेत शिकवत होते. लग्न झालं, वाशीला आले, मुलगी झाली आणि नोकरी सुटली ती सुटलीच. इथल्या शाळांचे उंबरे झिजवून झाले. शेवटी उरणच्या एका शाळेतून बोलावणं आलं, सोमवारी साडेदहाला रुजू व्हा म्हणून. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलेलं कळलंच नाही. पण उरण म्हणजे लांबचा पल्ला. एसटीनं जायचं तर पनवेलला गाडी बदला, दुसरी मिळाली तर मिळाली. सकाळी तरी ह्यांनी मोटरसायकलवरून सोडायला हवं. ह्यांची दुपारची पाळी, त्यामुळे तेवढं जमण्यासारखं होतं.

हे म्हणाले, "रविवारी जाऊन बघू. गाडीनं दोघांना नीट नेलं तर घे नोकरी. नाहीतर उगाच शाळेला आशा नको लावायला."

म्हणजे माझी नोकरी गाडीच्या हातात! शनिवारी रात्री मला झोप कशी ती लागली नाही.

वाशी ते पनवेल

आता गाडीविषयी सांगायलाच हवं. तिचं इंजिन हवा खेचतं, आणि त्या हवेतली धूळ अडवायला सीटखाली एक काळा डबा होता. मूळचा, कंपनीचा. ह्यांच्या मनात भरलं की तो डबा गाडीचा गळा दाबतो. ग्रँट रोडला जाऊन ह्यांनी एक बाहेरचा फिल्टर आणला. रेसिंगचा म्हणे. स्टीलच्या जाळीचा, गाजरासारखा निमुळता, उघडाच्या उघडा. त्याला तेल पाजायचं असतं, म्हणजे धूळ त्यात चिकटते.

"माणसाचं नाक चोंदलेलं असलं तर पळता येतं का?" हे मला समजावत होते. "ह्यानं नाक मोकळं होतं. पिकअप वाढतो. एकूण परफॉर्मन्सच वाढतो."

"आणि पेट्रोल?"

"पेट्रोलचं आत्ता काढू नकोस."

फिल्टर बसवला तो डाव्या अंगाला, चांगला बाहेर आलेला. मागच्या चाकाशेजारी साडी गार्डची जाळी असते ना, बायकांचे पदर चाकात जाऊ नयेत म्हणून, ती त्याच्या आड यायला लागली. ह्यांनी ती सरळ काढली आणि माळ्यावर टाकली. मी म्हटलं, अहो, मी बसू कशी? तर म्हणाले, "साडी आवरून बस म्हणजे झालं."

साडी चाकात जाऊन बाई पडल्याच्या इतक्या गोष्टी मी ऐकल्यात की गाडीवर बसताना मला रामरक्षा आठवते. मी आपली बायकांसारखी एका बाजूला, पाय डावीकडे सोडून बसते. त्या दिवशी तर निऱ्या गोळा केल्या, पदर गुंडाळला, सगळं ओढून गाडीच्या अंगाशी घट्ट दाबलं आणि वर टाचेनं रेटून धरलं. सूतभरही लोंबू दिलं नाही. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, मुलीनं टाटा केला आणि निघालो.

बेलापूरपर्यंत छान गेलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्येच उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगी, त्यांच्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. वारा खारट. मी गुणगुणायला लागले होते. पण ह्यांनी रेस वाढवली की काहीतरी व्हायचं. आधी तो फिल्टर जोरात फुरफुरायचा, आणि मग एकदम आवाज बसायचा. गाडी कण्हायला लागायची. माझ्या पोटरीपाशी साडी कुणीतरी ओढतंय असं वाटायचं, आणि मी चाकाच्या भीतीनं ती अजून घट्ट दाबायचे.

"लोड येतोय," हे मान न वळवता म्हणाले.

लोड म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

पनवेलला एस.टी. स्टँडसमोर मिसळ खाल्ली. आमच्या वाईकडे मिसळीत मटकी दिसते, इथे फरसाणच दिसतं. माझ्या घशाखाली निम्मीच उतरली. मला तिथेच बसवून हे पेट्रोल भरायला गेले आणि परत आले ते अशा थाटात की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"बघितलास पिकअप?" ह्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "अशी पळत होती ना! सांगत होतो तुला, ह्या फिल्टरची बातच और आहे."

"मी मागे नव्हते म्हणून पळाली."

मी थट्टेनं म्हणाले होते. हे हसले नाहीत. गाडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत विचार करत राहिले.

खिंड

पनवेलहून उरणकडे वळलं की मागे कर्नाळ्याचा अंगठा, म्हणजे किल्ल्याचा उभा सुळका, दिसत राहतो. पुढे रस्ता तांबडा. न्हावा शेव्याला मोठं बंदर होणार म्हणतात, त्याच्या भरावासाठी डोंगर फोडणं चाललंय. मुरुमाचे डंपर एकामागून एक. झाडं, टपऱ्या, माणसं, कुत्री, सगळ्यांचा रंग एकच. मी पदर तोंडावर घेतला आणि खाली निऱ्या दाबून धरल्या. हात दोनच, आणि धरायचं किती!

मग ती खिंड आली. फार मोठी नाही, आपला खंबाटकी घाट पाहिलेल्या माणसाला तिचं हसूच यावं. पण मागून डंपर भोंगा वाजवत आला, ह्यांनी पूर्ण रेस दिली आणि गाडीनं मानच टाकली. फुरफुर बंद, नुसता घुसमटल्यासारखा आवाज, मागून काळा धूर. अर्ध्या चढावर ती उभीच राहिली. डंपर अंगावरून गेल्यासारखा शेजारून गेला.

"उतर जरा," हे म्हणाले.

मी उतरले. ह्यांनी किक मारली आणि, काय सांगू, तीच गाडी, तोच चढ, हे एकटे भुर्रकन वर निघून गेले. त्या फिल्टरचा आवाज खिंडीत घुमत होता. मी धुळीत उभी.

मागून दोन बायका येत होत्या, डोक्यावर सुक्या मासळीच्या पाट्या. गुडघ्यापर्यंत कसून नेसलेली लुगडी, चाल अशी की चढ आहे हे त्यांच्या गावीच नाही.

"नवरा टाकून गेला का गो?" एक म्हणाली.

"नाही हो, गाडी ओढत नाही दोघांना."

"तं तू कनाला उतरलीस? त्याला उतरवाचा नं!" आणि दोघी अशा हसल्या की पाट्या हलल्या. मलाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही आलं. रोज ही खिंड. रोज मी इथे उतरणार, धूळ खात चालणार आणि लाल तोंडानं मुलांपुढे फळ्याशी उभी राहणार. आणि तेसुद्धा हे रोज आणायला तयार झाले तर.

वर हे वाट बघत थांबले होते. म्हणाले, "एकट्यानं काय मस्त चढली." मला त्यांचा इतका राग आला की पुढच्या गावापर्यंत मी बोललेच नाही.

मिठागरांच्या गावात

ह्यांच्या कारखान्यातल्या एका मित्राचं गाव उरणच्या अलीकडे आहे, मिठागरांना लागून. तो पाळीवर होता, पण त्याची आई घरी होती. हिराबाई. रात्रीचा मुक्काम तिच्याकडे होता. कपाळाएवढं कुंकू, आवाज खणखणीत.

"ये गो बाय. पयलं पानी पी. कवरी धूल खाल्लीस!"

गावाच्या कडेनं मिठाची आगरं, चौकोन चौकोन, आणि बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी. ऊन असं लखलखत होतं की डोळे उघडवत नव्हते. हिराबाईची शेती भरावाखाली गेली. "बंदर होनार, पोरांना नोकरी देनार असा सांगतान," ती म्हणाली. "देतान का नाय, मना नाय ठाव." तिची काळजी ऐकून मला माझ्या काळजीची थोडी लाज वाटली, पण ती कमी काही झाली नाही.

तिनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आमच्याकडे ज्वारीची भाकरी परातीत थापतात, ही बाई पीठ उकडून, पाण्याचा हात लावून, तळहातावरच गोल गोल फिरवते. पांढरीशुभ्र, मऊ. सोबत सुकट. मी मासळी खात नाही असं म्हणाले तर तिनं असं पाहिलं की जणू मला ताप आलाय. मग वालाची भाजी वाढली. ती मात्र मी मागून घेतली.

जेवता जेवता ह्यांनी विषय काढला. "हे बघ, राग मानू नकोस. गाडीत काही खोट नाही. एकटा असलो की ती वाऱ्यासारखी जाते. दोघांचं वजन ओढत नाही, त्याला मी काय करू? उद्या शाळेत जाऊन नम्रपणे सांगू, की जमणार नाही."

घास माझ्या हातातच राहिला. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि कशावरून सुटणार तर माझ्या वजनावरून!

"गाडी घेतली तेव्हा आपण दोघं जेजुरीला खंडोबाला गेलो होतो की," मी म्हणाले. "तेव्हा नव्हतं माझं वजन?"

"तेव्हा तू..." म्हणाले आणि थांबले. बरं झालं थांबले.

मी उठून आत गेले, साडी बदलली. डोळे पुसायला एवढं निमित्त पुरलं. सोडलेली साडी फिकट जांभळी, माझी आवडती, उद्या हीच नेसायची असं ठरवलेलं. झटकून घडी करायला लागले तर निऱ्यांच्या खालच्या भागावर काळा, तेलकट डाग. चेनचं तेल, असं म्हणून मी कपाळावर हात मारला.

हिराबाईनं साडी उजेडात धरली. "चेनचा कसा? चेनचा डाग लांब उठंल. ह्यो तं गोल हाय. आनि बघ, बारीक जाली उठली हाय. पापर भाजाची जाली ठेवलीस का काय हिच्यावर?"

मी वाकून पाहिलं. खरंच, डागात बारीक चौकटी उमटल्या होत्या, पोटरीच्या उंचीला. पोटरीपाशी काहीतरी ओढत होतं ते आठवलं. साडी तशीच उचलून मी अंगणात धावले.

संध्याकाळचा उजेड अजून होता. गाडी स्टँडवर. मी डाग फिल्टरवर धरला. चौकट न् चौकट जुळली.

"अहो! जरा बाहेर या!"

हे आले. मी म्हणाले गाडी चालू करा. केली. रेस द्या. दिली. फिल्टर फुरफुरायला लागला. मी साडीचा काठ हातभर लांबून पुढे सरकवला, आणि त्या फिल्टरनं तो चटकन ओढून घेतला. स्वतःहून! आवाज बसला, घुसमट, काळा धूर, आणि गाडी बंद.

"अगो, सारी गिलली हिनं!" हिराबाई ओट्यावरून ओरडली.

ह्यांनी परत चालू केली. मी परत साडी धरली. परत बंद. म्हणजे दिवसभर मी चाकाच्या भीतीनं साडी आवरून आवरून नेमकी त्या मोकळ्या नाकावर दाबून बसले होते. जितकी रेस जास्त, तितकी ती साडी ओढणार. मी उतरले की नाक मोकळं, गाडी भुर्र.

"म्हणजे तुझं वजन नव्हे," हे हळूच म्हणाले.

"नव्हे."

"साडी गार्ड असतं तर साडी तिथवर गेलीच नसती."

"नसती."

ह्यांनी फिल्टर उपसला, आत बोट फिरवलं. बोट तांबडं निघालं. तेल पाजलेल्या जाळीतून मुरुमाची धूळ आत शिरली होती. ह्यांचं तोंड इतकं उतरलं की मला दया आली. मूळचा डबा वाशीला माळ्यावर. फडक्यानं पुसून तोच फिल्टर परत बसवला.

"पण खिंडीचं सांगता येत नाही हं," ते म्हणाले. "धूळ गेलीय आत. दोघांना घेऊन चढेल की नाही, देव जाणे. शाळेत सही करायची की नाही ते तू बघ."

झालं. डागाचं कोडं सुटलं, पण खिंडीचं राहिलंच.

उरण

सकाळी दुसरी साडी नेसले, निऱ्या मांडीवर गोळा करून, पाय अवघडून बसले. रस्ता सपाट होता. गाडी शहाण्यासारखी गेली, पण सपाट रस्त्यावर ती कालही गेलीच होती.

शाळा बाजारापलीकडे, कौलारू, व्हरांड्यात पोरांच्या चपलांचा ढीग. हेडसर वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी मस्टर पुढे केलं आणि वर हात ठेवून विचारलं, "राहायला वाशीला ना? रोज कशा येणार बाई? आधीच्या बाई लांबून यायच्या. सहामाहीच्या तोंडावर सोडून गेल्या. मुलांचे हाल झाले. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही."

खिडकीतून हे दिसत होते. गाडीशेजारी उकिडवे बसून फिल्टर पुसत होते. मला वाटलं, जावं, विचारावं. मग वाटलं, काय विचारायचं? त्यांनाही माहीत नाही. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते, आणि सत्तावीसच्या पाढ्यात पोरं नेहमी जिथे अडखळतात तिथेच अडखळली. वाईची पोरंसुद्धा तिथेच अडखळायची.

"जमेल," मी म्हणाले आणि सही केली.

रुजू झाल्याची सही एवढंच काम होतं, वर्ग दुसऱ्या दिवसापासून. बाहेर आले. ह्यांनी विचारलं, "काय केलंस?" मी म्हणाले, "केली." ते फक्त "बरं" म्हणाले.

परत

पिशवी घ्यायला हिराबाईकडे थांबलो. मी पुन्हा निऱ्या गोळा करून बसायच्या तयारीत, तर ती कमरेवर हात ठेवून उभी. "अशी बसून वाशीला जानार? चल आत."

तिनं स्वतःचं एक हिरवं लुगडं काढलं आणि मला नेसवलं. काष्टा असा ओढला की माझा श्वासच अडकला. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली संपलं. लोंबायला काही नाही, उडायला काही नाही. "आता दोनी बाजूला पाय टाकून बस. आमी असाच नेसून आगरान काम केला, डोंगर चरलो. तुजी गारी काय हाय!"

मला भयंकर लाज वाटत होती. वाईच्या घरात पाचवारीशिवाय कधी नेसले नाही, आणि आता पुरुषासारखी गाडीवर! पण बसल्यावर कळलं की गाडीवर घट्ट बसणं काय असतं. दोन्ही हात मोकळे. फिल्टर माझ्या पायामागे मोकळाच होता.

खिंड जवळ आली. सही करून आले होते. ही चढली नाही तर उद्या त्या हेडसरांना काय तोंड दाखवू? आधीच्या बाई निदान सहामाहीपर्यंत तरी टिकल्या होत्या. समोरून डंपर उतरत होते, धुळीत रस्ता दिसेना. चढाच्या पायथ्याशी ह्यांनी गाडी हळू केली, डावा पाय टेकवला आणि थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. उतरतेस ना? मी वर थांबतो."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी उतरणार नाही. चला."

ह्यांनी रेस दिली. फिल्टर फुरफुरायला लागला आणि फुरफुरतच राहिला. अर्धा चढ आला, काल पलीकडच्या बाजूला एवढ्याच चढावर गाडीनं मान टाकली होती, मी डोळे मिटले. आवाज बसला नाही. डोळे उघडले तेव्हा कर्नाळ्याचा अंगठा समोर होता आणि आम्ही खिंडीच्या माथ्यावर होतो.

हे थांबले.

"चढली गं," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "जुन्या डब्यावरही एवढीच चढायची. फरक आवाजातच आहे."

एवढं कबूल करताना त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत आहे.

वाशीला पोचलो तेव्हा सासूबाई गॅलरीतच होत्या. माझ्या हिरव्या काष्ट्याकडे बघतच राहिल्या. हे चपला न काढताच स्टूल घेऊन माळ्यावर चढले. काळा डबा हाताशी होता, तो त्यांनी मागाहून बसवायला बाजूला ठेवला. आधी साडी गार्ड काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि पाना शोधत खाली गेले. उद्या मला साडेदहाला शाळेत पोचायचं होतं.